पहिल्या दिवसाचा केर

त्यांनी झाडूचा दांडा धरला तेव्हा आधी मला वाटलं, विहीणबाई मदतीला आल्या. म्हटलं, चला, उशिरा का होईना सुचलं. मी दांडा सोडला नाही, कारण मदत मागितली होती कुणी? पण त्यांनी तो ओढला. एवढीशी बाई, वाऱ्यानं उडेल अशी, पण ओढ अशी की माझं मनगट कळवळलं. मी वर पाहिलं. रागावलेलं माणूस मला ओळखता येतं, आणि रागाला उत्तर द्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही. हा राग नव्हता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्यामागे पुढचं दार सताड उघडं राहिलं होतं, त्याच्याकडे बघत होत्या. आत्ताच त्यातून कुणीतरी बाहेर गेलंय, आणि हाक मारली तर अजून ऐकू जाईल, असं. "नो," त्या म्हणाल्या. "टुडे नो. टुडे नो स्वीप." मग त्यांच्या भाषेत दोनतीन शब्द, हळू, स्वतःशीच. तसा आवाज मी पूर्वी एकदाच ऐकलेला. माझ्याच तोंडून. बाहेर लंडनच्या टोकाच्या पिनरची सकाळ नुकती फटफटत होती, समोरच्या गाड्यांच्या काचांवर बर्फाची साय होती, आणि माझ्या हातात दांड्याचं नुसतं टोक राहिलं होतं, कारण खालचा ब्रश त्यांनी पोटाशी धरला होता.

मी काय वाईट केलं होतं? नकुलनं, माझ्या मुलानं, नॉटिंगहॅमला फोन करून बोलावलं म्हणून मी आले. "आई, ही त्यांचा दिवाळी आहे, चायनीज न्यू इयर. या वर्षी तू पाहिजेच." चाळिशीचा घोडा, अजून दिवाळीचा बाप्या करतो. मी म्हटलं, त्यांची दिवाळी म्हणजे मला काम किती? तो हसला. "काम काहीच नाही. यू जस्ट सिट." बसायला मी काय देव्हाऱ्यातली आहे? पण आले, कारण कायान. माझी सून. मूळची हाँगकाँगची, डोळे तपासते, बोलते कमी, आणि मला आई म्हणते ते नकुलपेक्षा स्वच्छ म्हणते. दोनदा तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं. दोन्ही वेळा मला आठवड्यानं कळवलं, जसं काही पत्र्याच्या डब्याचं झाकण हरवलं होतं. आता सातवा संपत आलाय. तिची आई, म्हणजे या विहीणबाई, तीन वर्षांपूर्वी तिकडचं घर आवरून इथं आल्या आणि वरच्या छोट्या खोलीत राहतात. त्यांना इंग्लिश येतं माझ्या चौथी पासाइतकंच. आमच्या दोघींच्या मध्ये लग्नापासून हसण्यापलीकडे काही झालेलं नाही, आणि हसणं दोघींचंही बेतलेलं.

काल संध्याकाळचं जेवण मात्र मी मानलं. मानते तिथे मानते. गोल टेबल, लाल कागद, कुंडीत संत्र्यांचं बुटकं झाड आणि त्याला टांगलेली लाल पाकिटं. आठ खणांचा लाल डबा, आमच्या मिसळणाच्या डब्यासारखा, पण त्यात मोहरी-हळदीच्या जागी साखरेतलं कमळाचं मूळ, साखरेतला नारळ आणि टरबुजाच्या भाजलेल्या लाल बिया. अख्खा मासा आणला आणि त्याचं तोंड फिरवून माझ्याकडे केलं. सगळ्यात थोरल्या माणसाकडे करतात म्हणे. मी जन्मात मासा खाल्ला नाही, आणि तो तासभर माझ्याकडे टक लावून बसला होता. माझ्यासाठी वेगळी भाजी होती, अठरा जिनसांची, विहीणबाईंनी दोन दिवस खपून केलेली. कायान म्हणाली, मासा कुणी संपवायचा नाही, उरायला हवा, म्हणजे वर्षभर उरत राहतं. मी म्हटलं, आमच्यातही लक्ष्मीपूजनाच्या रात्री काही संपलं असं म्हणत नाहीत. ती हसली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, तुम्ही कधी हात लावत नाही." पोटाला, म्हणजे. मी म्हटलं, दृष्ट लागते. खरं तर मला हात लावायचाच होता. सात महिने माझा तळहात त्यासाठी नुसता खाजत होता. "उद्या सकाळी," ती म्हणाली. "सकाळी तो जागा असतो. न्यू इयर मॉर्निंग, ओके?" मी मान हलवली. त्या एका हलवलेल्या मानेपायी मला पहाटेपर्यंत धड झोप लागली नाही. आनंदानं, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि आनंदानंच उठले. सातला अजून अंधार होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतरच्या पहाटे आमच्यात अलक्ष्मी काढतात. ती लक्ष्मीची थोरली बहीण, घरात दारिद्र्य नि दुखणं घेऊन बसणारी. बायका आतून बाहेर झाडत येतात, सूप वाजवत, तिला केराबरोबर दाराबाहेर घालवतात, की मग धाकटीला यायला वाट मोकळी. माझ्या नॉटिंगहॅमच्या घरात एका दिवाळीलाही ते चुकलं नाही, शेजारच्या मार्गारेटनं भिंतीवर ठोकलं तरी नाही. म्हटलं, त्यांची दिवाळी ना? मग त्यांची पहाटही तीच. या घरात दोनदा काहीतरी बसून गेलंय, तिसऱ्यांदा बसायच्या आत मीच काढते. कुणाला सांगायला नको, उपकार दाखवायला नकोत. झाडू सापडेना. शेवटी बॉयलरच्या कपाटात, इस्त्रीच्या फळीमागे सापडला, झाडू, सुपली, केर ओढायचं हूवर मशीन, सगळं एकत्र कोंबून वर चादर टाकलेली. मला वाटलं, पाहुणे म्हणून अडगळ दडवली असेल. सापडला म्हणून मी स्वतःवरच खूश झाले, बघा. सूप नव्हतं, म्हणून केक भाजायचं ताट घेतलं आणि लाकडी चमच्यानं हळूच वाजवलं, कुणी उठू नये इतकंच. इडा पिडा टळो, अलक्ष्मी बाहेर जावो. टेबलाखालून, सोफ्याखालून, खुर्च्यांच्या पायांतून बियांची टरफलं, संत्र्यांच्या साली, लाल कागदाचे तुकडे, तांदळाचे दाणे, सगळं ओढत दारापर्यंत आणलं. पिशवीत भरलं. दार उघडून पायातल्या स्लिपर्सनिशी फाटकाशी गेले आणि कचऱ्याच्या काळ्या बिनमध्ये टाकून आले. परत येऊन उंबऱ्यावरचं शेवटचं झाडत होते. तेवढ्यात त्या आल्या.

कायान जिन्यावरून खाली आली ती एक हात कठड्याला, एक पोटाखाली. तिनं आईकडे पाहिलं, मग झाडूकडे, मग स्वच्छ फरशीकडे, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली. मायलेकी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. मग कायाननं मला समजावलं, अगदी हळुवार, पेशंटला सांगतात तसं. वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडायचं नसतं, आई. आदल्या दिवशीच सगळं झाडून घेतात आणि झाडू लपवतात. पहिल्या दिवशी झाडलं तर घरात आलेलं नशीब झाडून जातं. "इट्स जस्ट अ सुपरस्टिशन," ती म्हणाली. "डोंट वरी." मागून नकुल आला, केस विस्कटलेले. "ओ शिट. आई, मी तुला सांगायला विसरला. हिनं मला सांगितला होता." मी म्हटलं, तुझ्या बायकोनं सांगितलं होतं, आणि तू विसरलास. तुला जन्म देताना मी काही विसरले होते का? असं बोलले, कारण असं बोलायची मला सवय आहे, आणि तोंड चालू असलं की आतलं ऐकू येत नाही. पण कायान हसली नाही. नेहमी हसते. ती पायरीवर तशीच उभी होती, पोटाखालचा हात जरा सरकवत, इकडे, मग तिकडे, हरवलेली वस्तू अंधारात चाचपावी तशी. "ही इज क्वाएट दिस मॉर्निंग," ती कुणाला तरी म्हणाली. आणि मग, "स्लीपिंग, मे बी."

झोपलंय.

हा शब्द मी सत्तेचाळीस वर्षं कुणाला माझ्यासमोर म्हणू दिलेला नाही. कुणाच्या घरी गेले आणि बाई म्हणाली, हळू बोला, बाळ झोपलंय, तर मी चहा न घेता उठते. लोक म्हणतात, डॉक्टरीणबाईंना गर्व आहे. असू दे गर्व. आमचे डॉक्टर, माझे यजमान, फलटणचे, मोठे शिकलेले. मी चौथी पास. दोन्ही वडिलांनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला, आणि मला नॉटिंगहॅमला घेऊन आले. हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टर्समध्ये दोन खोल्या. तिथल्या इतर डॉक्टरांच्या बायका बी.ए., एम.ए. मी घर असं चकचकीत ठेवायची की त्यांनी यावं आणि पाय उचलून बसावं. माझ्याकडे दुसरं होतं काय दाखवायला? फलटणला तिन्हीसांजेला केर काढायचा नाही हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवे लागणीला लक्ष्मी येते, तेव्हा झाडू हातात धरणारी बाई करंटी. मी कधीच धरला नाही. पण तिथं माझ्या भिंतीवर घड्याळ होतं आणि घड्याळात पावणेचार वाजले होते. पावणेचार म्हणजे दुपार. पावणेचारला फलटणला उन्हानं डोळे दिपतात. मी झाडत होते, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, वाकून, गाणं म्हणत. झाडता झाडता खिडकीकडे पाहिलं तर बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले. डिसेंबर होता. या देशात तिन्हीसांज पावणेचारला येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हातातला झाडू तसाच राहिला. मग म्हटलं, इथल्या सांजेचा नि तिथल्या सांजेचा काय संबंध, आणि उरलेला कोपरा झाडून टाकला. तो कोपरा मला आजही काढून दाखवता येईल. दोन दिवसांनी पोट गप्प झालं. नर्सनं लाकडाचं भोंग्यासारखं काहीतरी पोटाला टेकवलं, कान लावला, मग दुसरीकडे टेकवलं, मग आणखी खाली. मला इंग्लिश येत नव्हतं. ती आमच्या डॉक्टरांशी बोलली. मी विचारलं, काय म्हणाली? हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "झोपलंय बाळ." इतका शिकलेला माणूस, आणि खोटं बोलायला त्याला तेवढंच सुचलं.

मुलगी होती. तिला नाव नाही. सासूबाईंचं पत्र आलं, ते यांनी मला वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता मध्ये एका जागी थांबले, घसा खाकरला, आणि पुढे गेले. हे ड्यूटीवर गेल्यावर पत्र काढलं आणि बोट ठेवून ठेवून, एकेक अक्षर लावत तीच ओळ शोधली. 'दिवेलागणीला झाडू धरला असेल तिनं, तिला विचार.' बस. यांनी मला कधीच विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. त्यानंतर मी सगळ्यांना सांगायची, असलं काही नसतं, मांजर आडवं गेलं तर मांजराला कुठंतरी जायचं असतं. सगळे म्हणायचे, वहिनी किती सुधारक. आणि हिवाळ्यात दुपारी दोननंतर माझ्या घरात झाडू कुणी उचलला नाही. सहा वर्षांपूर्वी हे गेले, त्या दिवशीही दोननंतर आलेल्या लोकांच्या चपलांचा चिखल मी सकाळपर्यंत तसाच ठेवला.

आता बाळ हलावं म्हणून कायान थंड पाणी प्याली, डाव्या कुशीवर पडली, गोड खाल्लं. नर्सला फोन केला तर तिनं हे सगळं करून बघा असंही म्हटलं नाही, लगेच या म्हणाली. तेच लगेच मला ऐकू आलं. नकुल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मी दारात उभी होते. कायान जाताना म्हणाली, "आई, इट्स नॉट यू." ज्या पोरीचं पोट गप्प झालंय ती मला समजावत होती.

घरात आम्ही दोघी राहिलो. विहीणबाई गोल टेबलाशी बसल्या, झाडू अजून मांडीवर. फ्रिजची घरघर, बॉयलरचा मधूनच टक असा आवाज. फरशी इतकी स्वच्छ होती की तिच्यात खिडकी दिसत होती. माझ्या जिभेला पत्र्याची चव येत होती. मी स्वतःला म्हणत होते, यमुने, असलं काही नसतं, तू सुधारक ना. आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "यू व्हेरी क्लीन वूमन." मी म्हटलं, "यू हाइड ब्रूम. व्हाय नॉट टेल?" "माय हाउस, एव्हरीबडी नो." "माय हाउस ऑल्सो एव्हरीबडी नो," मी म्हटलं. "माय हाउस, मॉर्निंग मस्ट स्वीप." त्यांनी मान वर केली. त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी पहिल्यांदाच मला पाहिलं. भांडणानं जरा धीर येतो. मी पुढचं बोलणार, तेवढ्यात रस्त्याच्या तोंडाशी तो आवाज आला: घर्र, थांबणं, धाडकन, पुन्हा घर्र. आम्ही दोघींनी एकाच वेळी खिडकीकडे पाहिलं. बुधवार. काळ्या बिनचा दिवस. कौन्सिलची कचऱ्याची गाडी.

मी कशी गेले मला माहीत नाही. साडी एका हातानं वर, कार्डिगनची बटणं उघडी, पायात मोजे आणि स्लिपर्स, फाटकाशी बर्फावरून पाय सरकला आणि मी बिनलाच मिठी मारली. गाडी दोन घरं पलीकडे होती. झाकण उघडून आत हात घातला तर बोटं पिशवीपर्यंत पोचेनात. मी अर्धी आत वाकले. सत्तरीतली बाई, जिनं नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात कुणाला स्वयंपाकघरात चप्पल घालू दिली नाही, ती मुलाच्या दारातल्या कचऱ्यात डोकं घालून. "यू ऑल राइट, लव्ह?" पिवळं जाकीट घातलेला उंच माणूस. "लॉस्ट समथिंग?" मी म्हटलं, "येस. माय रबिश." तो म्हणाला, "युअर रबिश?" मी म्हटलं, "माय रबिश. गिव्ह मी बॅक." माझ्या इंग्लिशला व्याकरण नसलं तरी धार आहे. पण त्या वेळी धार नसावी, कारण त्यानं काही विचारलं नाही. बिन आडवं केलं, गुडघ्यावर बसला, आणि एकेक पिशवी काढून मला दाखवली. "दिस वन? दिस वन?" लाल कागद ज्यातून दिसत होता ती मी हिसकावून घेतली. "मस्ट बी गोल्ड इन देअर," तो म्हणाला आणि बिन सरळ करून गाडीकडे नेलं.

पिशवी छातीशी धरून मी दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी माझे पाय थांबले. आत विहीणबाई दोन्ही हात पुढे करून उभ्या होत्या, मूल घ्यायला करतात तसे. आणि मला एकदम कळलं की मी काय करते आहे. त्यांच्या हिशेबानं या पिशवीत घराचं नशीब होतं. माझ्या हिशेबानं या पिशवीत ती थोरली होती. तासाभरापूर्वी ताट वाजवून, नाव घेऊन हाकललेली. हाकललेलीला कुणी परत आणत नाही. हाकलून परत आणलेली अलक्ष्मी काय करते हे मला कुणी सांगितलेलं नाही, कारण असा मूर्खपणा आमच्यात कुणी केलेलाच नाही. टरफलं तीच, साली त्याच. कुठल्या टरफलात काय आहे हे निवडायचं कसं? तांदळातले खडे मला डोळे मिटून निवडता येतात. हे नाही. त्यांचं खरं असेल तर नेलंच पाहिजे. माझं खरं असेल तर नेता कामा नये. आणि दोघींचं खरं असेल तर? विहीणबाई म्हणाल्या, "प्लीज." त्या बाईनं लग्नात मला प्लीज म्हटलं नव्हतं. घर कुणाचं? घर त्या पोरीचं. ज्या भाषेत ती घाबरते ती भाषा खरी. मी उजवा पाय आधी आत टाकला, नवरीसारखा, आणि मनात म्हटलं, धाकटे, तू ये. पण माझ्यामागून आणखी कुणी आलं की नाही, ते बघायला मी मान वळवली नाही.

मग आम्ही दोघींनी तो केर परत पसरला. गुडघ्यांवर बसून, मुठीमुठीनं, रांगोळी घालावी तसा. "ऑरेंज हिअर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नो. ऑरेंज अंडर चेअर. आय स्वेप्ट, आय नो." त्यांनी साल उचलून मुकाट्यानं खुर्चीखाली ठेवली. तांदळाचे दाणे नकुलच्या जागेखाली, कारण त्याला अजून धड जेवता येत नाही. बियांची टरफलं सोफ्यापाशी. शेवटी टरफलं कमी वाटली म्हणून त्यांनी लाल डबा उघडला, आणि आम्ही दोघी समोरासमोर फरशीवर बसून बिया फोडत राहिलो, दातांनी, टक, टक, आणि टरफलं जमिनीवर टाकत राहिलो. मी. जमिनीवर. दहा वाजले, बारा वाजले. फोन टेबलावर उताणा पडला होता. त्यांची नखं बियांनी लाल झाली होती. एकदा मी बोलले. मराठीत बोलले, म्हणून बोलता आलं. म्हटलं, माझी एक मुलगी होती, मी पावणेचारला झाडत होते. त्यांना काय कळणार? त्यांनी मान हलवली, चुकीच्या ठिकाणी, आणि माझ्यापुढे आणखी बिया ठेवल्या.

फोन आला तेव्हा दोघींनीही हात पुढे केला नाही. चौथ्या घंटीला मी घेतला. "आई, हार्टबीट आहे," नकुल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "लाउड आहे. एकदम घोडासारखा." मी विहीणबाईंना म्हटलं, "हार्ट, ओके," आणि त्यांनी टेबलाच्या कडेवर कपाळ टेकलं. "हलतंय का?" मी विचारलं. "थोडा हलला." "थोडं म्हणजे किती?" "आई, रिलॅक्स. स्कॅन चांगला आहे. संध्याकाळी घरी सोडतील. बट दे वॉन्ट टु कीप ॲन आय." "म्हणजे अजून त्यांनाही भीती आहे." "आई." "नीट सांग." मग म्हणाला, "रोज चेक करणार. बस तेवढंच." रिलॅक्स म्हणे.

आनंद झाला का? झाला असेल. पण तो येऊन बसायच्या आधीच दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. विहीणबाई वर पडायला गेल्या आणि मी त्या खोलीत एकटी राहिले, खाली सगळीकडे केर. चार वाजून गेले, बाहेरचा उजेड राखेसारखा झाला. मला कळत होतं की मी एकटी नाही. दिसत काही नव्हतं. फक्त सोफ्याची माझ्या शेजारची जागा जरा जास्त रिकामी होती. परत आणलेली. कुणीतरी तिला नाव घेऊन हाकललं, आणि त्याच बाईनं पिशवीत घालून परत आणलं. ती आता जाईल कुठं? जिन्याकडे बघत असेल. मी घाबरले, इतकी घाबरले की उठवेना, आणि घाबरल्यावर माझं जे होतं तेच झालं, माझं तोंड सुटलं. मी हळू आवाजात तिला म्हटलं, इकडं बस. वर जायचं नाही. तुला मी आणलंय, तू माझी. तुझी नि माझी ओळख जुनी आहे, डिसेंबरातली. मग वाकून सोफ्याखालची चिमूटभर टरफलं उचलली, एक लाल कागदाचा तुकडा घेतला, आणि पदराच्या टोकाला बांधून घट्ट गाठ मारली. ती गाठ उजव्या मुठीत धरली. परवा सकाळची गाडी आहे. सेंट पॅनक्रस स्टेशनपर्यंत, तिथून नॉटिंगहॅम. माझ्या घरात तिनं नेण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तिथं राहील माझ्याबरोबर, दोघी म्हाताऱ्या. तोपर्यंत मूठ उघडायची नाही. मी जरा सरकून बसले. एका बाईपुरती जागा केली.

दार वाजलं ते साडेचारला. कायान आली, गाल लाल, डोळे सुजलेले, नकुल तिच्या मागे पिशव्या घेऊन. तिनं फरशीवरचा केर पाहिला. तिच्या तोंडून हसू आणि हुंदका एकत्रच आला. वरून विहीणबाई धावत उतरल्या. "आई," कायान मला म्हणाली, "तुम्ही परत आणलं?" आणि कोट न काढता सरळ माझ्याकडे यायला लागली, दोन्ही हातांनी पोट सावरत. "आई, आत्ता. ही इज किकिंग नाउ. हात द्या तुमचा." माझ्या शेजारची जागा रिकामी दिसली तिला. तिला वाटलं, तिच्यासाठीच सरकले. ती वळली आणि बसायला वाकली.

"इथं नको!"

मी ओरडले. उभीच राहिले, तिच्या नि सोफ्याच्या मध्ये. नकुल म्हणाला, "आई! व्हॉट्स राँग विथ यू?" कायान अर्धी वाकलेली तशीच थांबली. तिचा हात माझ्या हातासाठी पुढे आलेला, हवेत. "हात धुतलेले नाहीत," मी म्हटलं. दुसरं सुचेना. "मग धू ना!" नकुल म्हणाला. कायाननं हात मागे घेतला, हळू, आणि मान खाली घातली, आणि मला दिसलं की तिला वाटतंय, म्हाताऱ्या बाईचा राग, सकाळचा अपमान, नाकावरची माशी. वाटू दे. आयुष्यभर लोकांना तेच वाटलंय. विहीणबाईंनी माझ्या मुठीकडे पाहिलं, मुठीतून लोंबणाऱ्या पदराकडे पाहिलं. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला एक खुर्ची ओढली आणि लेकीला तिथं बसवलं.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. मी परत माझ्या जागी बसले. माझा तळहात खाजत होता. मुठीत काहीतरी हललं, अगदी थोडं. टरफलं असतील. दुसरं काय असणार. मी मूठ आणखी आवळली.